‘तुमचं विंडोज कोणतं?’

इंटरनेटची नवी जोडणी घ्यायची म्हटले की पहिला प्रश्न पत्त्याचा असतो, दुसरा ओळखपत्राचा आणि तिसरा, ‘मॅडम, तुमचं विंडोज कोणतं?’ नोकरीच्या निमित्ताने गेल्या वीस वर्षांत मी पाच घरे बदलली. पुरवठादार बदलले, तारा बदलल्या, वेग तर ओळखू येणार नाही इतका बदलला; हा तिसरा प्रश्न मात्र शब्दशः तसाच राहिला. ‘तुमच्या संगणकावर विंडोज आहे का?’ असे कोणी विचारीत नाही. ‘कोणतं?’ असेच विचारतात. विंडोज असणे गृहीत आहे. आपण फक्त आवृत्ती सांगायची.

वनस्पती तुपाला डालडा आणि छायाप्रतीला झेरॉक्स म्हणणाऱ्या भाषेत ऑपरेटिंग सिस्टीमला विंडोज म्हटले जावे, यात खरे तर नवल नाही. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही भाषेची नेहमीची चाल आहे आणि आपण ती वर्गात उदाहरणांसह शिकवतो. पण ‘डालडा द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे वाणी कोणत्याही कंपनीचा डबा ठेवतो आणि गिऱ्हाईक तो घेऊन जाते. इथे नाव सामान्य झाले, वस्तू मात्र एकाच कंपनीची राहिली. ‘माझ्याकडे लिनक्स आहे’ असे म्हटल्यावर समोरचा तरुण क्षणभर थांबतो, मग बाजूला जाऊन ऑफिसला फोन लावतो. एकाने तर आत डोकावून ‘सर नाहीत का घरी?’ असेही विचारले होते. (तो प्रश्न स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

माझे म्हणणे असे आहे, की जो पुरवठादार हा तिसरा प्रश्न विचारीत नाही त्याची जोडणी घ्यावी. आणि जो विचारतो त्याला उलट ‘का?’ असे विचारावे. हा सल्ला लिनक्स वापरणाऱ्या मूठभरांपुरता आहे असे वाटण्याचा संभव आहे. मला तसे वाटत नाही. मराठीच्या शिक्षकाला तर तसे मुळीच वाटू नये, आणि त्याचे कारण आपल्या भाषेच्याच अलीकडच्या इतिहासात आहे.

मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या बाईने लिनक्स कशाला वापरावे, असे सहकारी अजूनही विचारतात. यंत्रांची हौस हे कारण नव्हते. २००४ साली एम.फिल.चा लघुप्रबंध मी त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे एका विकतच्या मराठी टंकात टंकलिखित करून घेतला. दीडशे पाने. काही वर्षांनी त्यातले एक प्रकरण लेखासाठी हवे होते म्हणून ती फाईल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे, तिरक्या रेघा, परकीय चलनांची चिन्हे आणि टिंबे यांचा नुसता खच. फाईल बिघडलेली नव्हती. तिच्यात देवनागरी मुळात साठवलेलीच नव्हती. साठवलेली होती ती रोमन अक्षरांसाठी ठरलेली चिन्हे, आणि त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवणारा टंक एका कंपनीच्या मालकीचा होता. संगणक बदलला, टंक गेला आणि मुखवटाही गेला. बांधलेली छापील प्रत होती म्हणून प्रबंध वाचला. ज्यांनी नियतकालिकांचे अंक, सूची, कोशांच्या नोंदी अशा टंकांत ठेवल्या, त्यांतल्या कित्येकांना आजही परिवर्तक आज्ञावल्यांची मनधरणी करावी लागते, आणि तरीही जोडाक्षरे घरंगळायची ती घरंगळतातच.

युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, म्हणजे १९९१ साली, देवनागरीला जागा मिळालेली होती. नियम अस्तित्वात होता, सर्वांसाठी खुला होता, छापून प्रसिद्ध झालेला होता. आपण मात्र बाजारात जे मिळत होते ते वापरीत राहिलो. हे उमगल्यावर जे खुले आहे त्याच्या शोधात निघाले आणि लिनक्सपाशी पोहोचले. त्या काळी उबुंटूच्या सीडी परदेशातून टपालाने फुकट येत. २०११ पर्यंत ही सोय होती. तिथे मराठी सुखाने नांदत होती असे मात्र नाही. ‘आचाऱ्यास’ लिहावे तर ‘आचार्यास’ उमटे. स्वयंपाकी आणि गुरू यांतला भेद संगणकाला कळत नसे. (विंडोजवरही तो तेव्हा सगळीकडे कळत होता असे नव्हे.) फरक एवढाच, की इथे चूक कुठे नोंदवायची ते ठाऊक होते, नोंदवणाऱ्याला ‘तुम्ही आमचे ग्राहक आहात का?’ असे कोणी विचारीत नव्हते, आणि अशा चुका दुरुस्त करणाऱ्यांपैकी काही जण तर पुण्यातच बसून काम करीत होते. तेव्हापासून मी तिथेच आहे.

टंकाची ही कहाणी इंटरनेटच्या जोडणीविषयीच्या लेखात आणण्याचे कारण, दोन्हीकडचा रोग एक आहे. घरातला संगणक आणि पुरवठादाराचे यंत्र यांच्यात जे बोलणे होते ते ठरलेल्या, लिहून ठेवलेल्या संकेतांनुसार होते. संगणकाला पत्ता मिळण्याचे काम बहुतेक ठिकाणी डीएचसीपी नावाच्या संकेताने होते. ग्राहकाची ओळख नाव आणि परवलीचा शब्द घेऊन पटवायची असेल तर पीपीपीओई नावाचा संकेत आहे. त्याचे नियम फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले आणि कोणालाही वाचता येतात. या नियमांत समोर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम असावी याचा शब्द नाही. त्याची गरजच नाही. भुजंगप्रयातात चार ‘य’ गण आले की झाले. कवीने शाई कोणत्या दुकानातून आणली हे वृत्ताला विचारावे लागत नाही. मग ‘तुमचं विंडोज कोणतं?’ हा प्रश्न येतो कुठून? तो तारेतून येत नाही. तार आणि ग्राहक यांच्यामध्ये पुरवठादाराने स्वतःची म्हणून जी वस्तू बसवलेली असते, तिच्यातून तो येतो. ही मधली वस्तू काळाप्रमाणे रूप बदलत आली आहे.

आरंभी ती नव्हती, किंवा अगदीच कमी होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा स्वस्तातले खाते असे ते ‘शेल’ खाते. चित्रे नाहीत, केवळ मजकूर. घरचा संगणक दूरध्वनीवरून पलीकडच्या युनिक्स यंत्राला जोडायचा आणि तिथल्याच आज्ञा वापरून पत्रे वाचायची, लिहायची. आपल्याकडे अनेकांना इंटरनेटचे पहिले दर्शन घडले ते असे, युनिक्सच्या पडद्यावर. लिनक्स हे त्याच घराण्यातले. ज्याला आज ‘हे काहीतरी वेगळंच आहे’ म्हणून परत पाठवले जाते, त्याच्याच थोरल्या भावाच्या ओसरीवर आपण पहिल्यांदा बसलो होतो, हे विसरायला दहा वर्षेही लागली नाहीत.

नोव्हेंबर १९९८ मध्ये हे क्षेत्र खासगी पुरवठादारांना खुले झाले. त्याच सुमारास संगणकांत आतच बसवलेले स्वस्त मोडेम येऊ लागले. त्यांना लिनक्सवाले चेष्टेने ‘विनमोडेम’ म्हणत. मोडेमने करायचे निम्मे काम त्यांनी विंडोजमधल्या आज्ञावलीवर सोपवलेले असे. म्हणजे डब्यात यंत्र अर्धेच होते आणि उरलेले अर्धे दुसऱ्याच्या घरात. बाहेर ठेवायचा, स्वतःचे काम स्वतः करणारा मोडेम महाग पडे, पण तो कोणत्याही संगणकावर चाले. पुढे २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या केली आणि दूरध्वनीच्या तारेवरून एडीएसएल आले. त्या मोडेमांपैकी अनेकांना दोन तोंडे असत, एक यूएसबीचे आणि एक इथरनेटचे. यूएसबीने जोडले की सोबतच्या सीडीतले चालक बसवावे लागत आणि सीडी विंडोजची. इथरनेटने जोडले की सीडी पाकिटातून काढावीही लागत नसे. एकच डबा, एकच तार, एकच कंपनी. आणि तरी पाठीमागच्या दोन भोकांपैकी तंत्रज्ञ कोणत्या भोकात केबल घालतो, यावर तुमची ऑपरेटिंग सिस्टीम चालते की नाही हे ठरत होते. मोडेमचे ते दुसरे तोंड मला पूर्वीच कोणी दाखवले असते तर बरे झाले असते.

डायलरचा प्रकार मात्र यापुढचा होता. त्या दशकाच्या अखेरीस मी तासिका तत्त्वावर शिकवीत असताना आमच्या भागात केबलवाल्यामार्फत एका खासगी कंपनीची जोडणी आली. विक्रेत्याला विचारले, लिनक्सवर चालेल का? तो म्हणाला, ‘सगळ्यावर चालतं, मॅडम.’ तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. इथरनेटची केबल घरात आली, संगणकाला जोडली गेली, आणि मग तरुणाने खिशातून सीडी काढली. जोडणी सुरू करायची तर कंपनीची स्वतःची आज्ञावली चालवायला हवी. ती दर काही मिनिटांनी पलीकडे ‘मी आहे’ असे कळवत राहणार. ते कळवणे थांबले की जोडणी तुटणार. हा संकेत कुठेही प्रसिद्ध नव्हता. ग्राहकसेवेतली मुलगी अत्यंत सौजन्याने बोलली. तिने मला चार वेळा ‘स्टार्ट’चे बटण दाबायला सांगितले. ते माझ्याकडे नाही म्हटल्यावर म्हणाली, ‘मॅडम, खाली डाव्या कोपऱ्यात बघा, असतं.’ तिचा दोष नव्हता. तिच्यापुढच्या कागदावर तसे लिहिलेले होते.

शेवटी त्याच यंत्रात विंडोजसाठी एक कोपरा मोकळा केला. लेख लिहायचा लिनक्समध्ये, यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचे आणि पाठवायचा विंडोजमधून. हा संसार वर्षभर चालला. एका रात्री संपादकांना मुद्रिते तपासून पाठवायची होती. विंडोज उघडले, डायलर चालवला, तर त्याने सांगितले, की तुमची आवृत्ती जुनी झाली आहे, नवी आवृत्ती आमच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. नवी आवृत्ती असल्याशिवाय इंटरनेट नाही. इंटरनेट असल्याशिवाय नवी आवृत्ती नाही. बसस्थानकाजवळचे सायबर कॅफे दहाला बंद झाले होते. लेख दुरुस्त्यांविना छापला गेला. त्यात एका कवितासंग्रहाचे प्रकाशनवर्ष दहा वर्षांनी चुकलेले आहे आणि तो अंक ग्रंथालयात तसाच आहे. पुढे दोन विद्यार्थ्यांनी ते वर्ष माझ्या नावानिशी उद्धृत केलेले मी स्वतः तपासले आहे.

इथे लक्षात घ्यायचे ते हे, की त्या रात्री मी विंडोजमध्येच होते. डायलरने अडवले ते लिनक्सला नव्हे, ग्राहकाला. शेजारच्या इमारतीतल्या, लिनक्सचे नावही न ऐकलेल्या ग्राहकांनाही त्या रात्री तोच संदेश आला होता. बहुसंख्यांच्या वस्तूशी जुळवून घेतलेली खासगी रचना बहुसंख्यांना तरी सुखाची असते, असा आपला समज असतो. ती तशी असतेच असे नाही; त्यांना फक्त ती आधी बोचत नाही. टंकांचेही तेच झाले. जे वर्षानुवर्षे त्याच कंपनीचा टंक वापरीत राहिले, त्यांना आवृत्ती बदलण्याच्या दिवसापर्यंत काहीच जाणवले नाही.

याबाबत लिनक्सवाल्यांचीही एक खोड सांगितली पाहिजे, कारण ती मराठीवाल्यांतही आहे. अडचण आली की तक्रार करण्याऐवजी आपण जुगाड करतो आणि जुगाड जमला की त्यातच पुरुषार्थ मानतो. अशा डायलरांचे संकेत उलगडून काही हुशार मुलांनी लिनक्ससाठी पर्यायी आज्ञावल्या लिहिल्या. नंतर यूएसबीच्या डाँगलांचा काळ आला. संगणकाला जोडल्यावर ते आधी आपण सीडी आहोत असे भासवीत, म्हणजे विंडोजची आज्ञावली आपोआप बसावी. मोडेम म्हणून ते नंतर प्रकट होत. त्यांना ताळ्यावर आणण्यासाठी यूएसबी-मोडस्विच नावाचे साधन कोणीतरी फावल्या वेळात तयार केले आणि जगाला देऊन टाकले. या लोकांविषयी मला नितांत आदर आहे. त्यांच्या कामावर मी कित्येक महिने काढले. पण या कामाचा परिणाम काय झाला? पुरवठादारांपर्यंत तक्रार पोहोचलीच नाही. ‘लिनक्सवर चालतं की, आमच्या एका ग्राहकाने चालवलंय’, हे उत्तर मी दोनदा ऐकले आहे. टंक-परिवर्तक लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनीही असेच दुसऱ्यांचे कर्ज निमूटपणे फेडले. कर्ज करणाऱ्यांना त्याची नोटीसही गेली नाही.

पुरवठादाराची बाजू अगदीच लंगडी नाही, हे मान्य करायला हवे. लिनक्स वापरणारे ग्राहक थोडे; त्यांच्यासाठी कर्मचाऱ्यांना वेगळे शिकवायचे, फोनवर वेळ घालवायचा, हे छोट्या केबलवाल्याला परवडणार कसे? पण या युक्तिवादात मागणीच चुकीची धरलेली आहे. माझ्या पुरवठादाराला लिनक्स यावे असे मी कधीच म्हटले नाही. त्याला ते येण्याची गरज पडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. वीजमंडळाचा वायरमन मीटर बसवताना घरात मिक्सर कोणत्या कंपनीचा आहे हे विचारीत नाही. खुला संकेत वापरला की शिकवण्याचा खर्च वाढत नाही, उलट सीडी, डायलर आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळण्याचा खर्च वाचतो. शिवाय ‘थोडे’ हा शब्दही तपासून घ्यावा. केरळमधल्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षे लिनक्स शिकवले जाते, आणि समोर उभ्या असलेल्या तरुणाच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो.

हा प्रश्न जगात इतरत्र तत्त्वाच्या पातळीवर विचारला गेला आहे. अमेरिकेत १९६८ साली ‘कार्टरफोन’ प्रकरणात असा निर्णय झाला, की दूरध्वनीच्या जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाने कंपनीचे नसलेले उपकरणही त्याला जोडावे. आपल्या घरातला काळा फोन त्या काळात खात्याच्या मालकीचा होता, हे माझ्या पिढीला आठवत असेल. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमाने आपल्या पसंतीचे उपकरण वापरण्याचा हक्क ग्राहकाला दिला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून पुरवठादाराचाच राउटर वापरण्याची सक्ती कायद्याने उठली. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडे ट्रायने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळा दर लावण्यास मनाई केली. तारेच्या त्या टोकाला भेदभाव नको, यासाठी तेव्हा लाखो लोकांनी पत्रे लिहिली होती. या टोकाला, म्हणजे ग्राहकाच्या टेबलावर, काय जोडायचे हे कोणी ठरवावे, याची चर्चा तेव्हा फारशी झाली नाही.

आता फायबर आल्यावर हा सगळा इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी ते खरे आहे. हल्ली डायल करण्याचे काम संगणकाला करावेच लागत नाही. भिंतीवरचा डबा ते करतो आणि घरात वायफाय सोडतो. गेल्या वेळी घर बदलले तेव्हा हाच डबा बसवताना तो तिसरा प्रश्न आला, आणि ‘लिनक्सला आम्ही सपोर्ट देत नाही’ हे उत्तरही. डब्याबरोबर एक पुस्तिका होती. तिच्या शेवटी बारीक टाइपात मुक्त आज्ञावलीच्या परवान्यांचा मजकूर होता, आणि त्यात लिनक्सचे नाव होते. कारण तो डबाही, बाजारातल्या बहुसंख्य घरगुती राउटरांप्रमाणे, लिनक्सवरच चालणारा होता. मी ते पान त्या तरुणाला दाखवले. त्याने ते मनापासून वाचले आणि म्हणाला, ‘हे आतलं असेल, मॅडम. बाहेरून विंडोजच लागतं.’

बाहेरून खरोखर काहीच लागत नव्हते. पाच मिनिटांत सगळे सुरू झाले. पण मधली वस्तू नाहीशी झालेली नाही, ती फक्त डब्यात शिरली आहे. म्हणून आता विचारायचे प्रश्न थोडे वेगळे आहेत. डब्याच्या इथरनेटच्या तोंडाला कोणताही संगणक जोडला तर काही न बसवता चालेल ना? पीपीपीओईचे नाव आणि परवलीचा शब्द ग्राहकाला देता ना, की ते तुमच्याकडेच राहणार? माझा स्वतःचा राउटर लावता येईल का? याला होकार मिळाला तर बाकीचे बरेचसे आपोआप सुटते. काही पुरवठादार संगणकाचा मॅक पत्ता नोंदवून घेतात आणि तो बदलला की जोडणी बंद पडते. तो कसा काढायचा हे तंत्रज्ञाला फक्त विंडोजवर ठाऊक असते, म्हणून आपण आधीच काढून कागदावर लिहून ठेवावा. कुठे अजूनही न्याहाळकात पान उघडून प्रवेश करावा लागतो. ते पान फायरफॉक्समध्ये उघडून पाहावे. बिल भरणे आणि तक्रार नोंदवणे फक्त मोबाइलच्या ॲपमधूनच होते का, हेही विचारावे. वीस वर्षांपूर्वीचा डायलर हल्ली ॲपच्या रूपाने परत येताना दिसतो.

घरातल्या संगणकावर ठेवलेला आपला संग्रह बाहेरून पाहता यावा असे ज्यांना वाटते (माझ्याकडे जुन्या अनियतकालिकांच्या छायाप्रतींचा असा संग्रह आहे), त्यांनी सार्वजनिक पत्त्याची चौकशी अवश्य करावी. अनेक पुरवठादार बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच जुन्या पद्धतीचा सार्वजनिक पत्ता देतात. जुन्या वाड्याला एकच दिंडी दरवाजा असावा तसे ते आहे. आतले बाहेर जाऊ शकतात, पण बाहेरचा पाहुणा नेमक्या तुमच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. वेगळा पत्ता काही जण जादा पैसे घेऊन देतात. काहींकडे आयपीव्हीसिक्स असते, त्याने काम भागू शकते. आणि शक्य असेल तर पैसे भरण्यापूर्वी आपला लॅपटॉप घेऊन त्याच पुरवठादाराची जोडणी असलेल्या शेजाऱ्याकडे जावे. ‘सगळ्यावर चालतं’ या वाक्यापेक्षा शेजाऱ्याच्या घरातली दहा मिनिटे भरवशाची.

घरी आपण निवडू तरी शकतो. महाविद्यालयात निवड समिती करते आणि मराठी विभागाला तिथे कोणी विचारीत नाही. आमच्याकडे विभागासाठी जे सहा संगणक आहेत ते विज्ञान शाखेने टाकून दिलेले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज टेनचे नियमित पाठबळ संपले आणि या यंत्रांवर विंडोज इलेव्हन चढत नाही. त्यासाठी लागणारी टीपीएम ही सुरक्षा-चीप त्यांत नाही. पर्याय दोनच होते, भंगारात द्यायचे किंवा लिनक्स बसवायचे. दोन विद्यार्थ्यांनी एका शनिवारी सहाही यंत्रांवर लिनक्स बसवले, इनस्क्रिप्ट कळफलक जोडला, आणि ‘आचाऱ्यास’ बिनचूक उमटते आहे हे मला मुद्दाम बोलावून दाखवले. फक्त इंटरनेट चालेना. महाविद्यालयाच्या जोडणीवर प्रवेश करायला जी आज्ञावली लागते, ती विंडोजसाठीच होती.

म्हणून या वर्षीच्या निविदेत एक वाक्य घालावे असा अर्ज मी केला: ‘जोडणी कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर, कोणतीही विशेष आज्ञावली न बसवता, चालली पाहिजे.’ समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारले, ‘बाई, हे मराठी विभागाचं काम आहे का?’ मी त्यांना माझ्या लघुप्रबंधाच्या फाईलचे एक पान छापून नेऊन दाखवले, रोमन अक्षरे, तिरक्या रेघा आणि टिंबे यांनी भरलेले. त्यांचा स्वतःचा पीएच.डी.चा प्रबंधही त्याच टंकात होता. ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले आणि मग वाक्य निविदेत गेले. तीन पुरवठादारांनी निविदा भरल्या. दोघांनी त्या अटीवर न विचारता सही केली. तिसऱ्याच्या कार्यालयातून मात्र मला फोन आला, ‘मॅडम, ती अट आहे ना, त्यात विंडोज कोणतं ते लिहायचं राहिलंय.’